वीतभर अंतरावरचा चेहरा

जिथे आहात तिथे बसा.

पाठ टेकवा. खांदे सैल सोडा.

आता एक हात समोर धरा. पंजा ताणा. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत बघा.

एक वीत.

अंगठा हळूच नाकाच्या शेंड्याला लावा आणि करंगळी सरळ पुढे करा. करंगळी जिथे संपते, तिथे नजर नेऊन ठेवा.

नुकत्याच जन्मलेल्या मुलाला एवढ्या अंतरावरचं सगळ्यांत बरं दिसतं. वीस सेंटिमीटर, फार तर तीस. वीत, नाही तर दीड वीत.

त्याच्या पुढे पंखा आहे, खिडकी आहे, दारात उभी असलेली माणसं आहेत. बाळासाठी तिथे अजून नुसता उजेड आणि सावली आहे.

हात खाली घ्या.

एक श्वास आत. एक श्वास बाहेर.

एक खोली मनात आणा.

दुपार आहे. पडदा अर्धा ओढलेला आहे. सकाळच्या धुरीचा वास अजून रेंगाळतो आहे, त्यात थोडा ओवा, थोडं बाळाच्या अंगाला चोळलेलं तेल. कोपऱ्यात पाळणा आहे. तो रिकामा आहे. बाळ आईच्या मांडीवर आहे.

ती त्याला पाजायला घेते. त्याचं डोकं तिच्या कोपराच्या खोबणीत विसावतं. ती मान खाली करते.

तिच्या चेहऱ्यापासून त्याच्या डोळ्यांपर्यंतचं अंतर बघा.

तेवढंच. वीत, दीड वीत.

कुणी मोजून घेतलेलं नाही. हात जसा वाकतो, मान जशी झुकते, तसं ते होतं. बाळाची नजर जिथवर पोचते, तिथेच तो चेहरा येऊन थांबतो. दिवसातून आठ-दहा वेळा. रात्री-अपरात्रीसुद्धा.

आज आपण या एका चेहऱ्यापाशी राहू. दुसरीकडे कुठे जायचं नाही.

आधी डोळे मिटा.

बाळाची ओळख अंधारात सुरू होते.

पोटात असताना, सहाव्या-सातव्या महिन्यापासून, त्याला ऐकू येतं. आईच्या हृदयाचे ठोके. रक्ताची सळसळ. आणि या सगळ्यातून तिचा आवाज, जो बाहेरून येतो आणि तिच्या हाडांमधून आतूनही येतो.

शब्द नीट पोचत नाहीत. चढउतार पोचतात. लय पोचते.

ती भाजीवाल्याशी बोलते. फोनवर बहिणीशी हसते. देवापुढे काही पुटपुटते. बाळ ऐकतं.

आत्ता तुमच्या कानांवर जो आवाज पडतो आहे, तो तसाच ऐका. कुणी बोलत असेल तर शब्द सोडून द्या. नुसता चढ ऐका, उतार ऐका.

थोडं थांबा.

1980 साल आहे. अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर हे अमेरिकेतले दोन संशोधक जेमतेम दोन-तीन दिवसांच्या बाळांच्या तोंडात चोखणी देतात. बाळ एका लयीत चोखतं तेव्हा त्याच्या आईचा आवाज ऐकू येतो. लय बदलली की दुसऱ्या कुणा बाईचा.

बाळं आपली लय आईच्या आवाजाकडे वळवतात.

मान धरता येत नाही. मूठ उघडता येत नाही. पण कुणाचा आवाज हवा, हे त्यांचं ठरलेलं आहे.

वासाचंही तसंच. आठवडा होतो न होतो तोच आईच्या दुधाचा वास कळायला लागतो. एका बाजूला तिच्या दुधाने भिजलेलं कापड ठेवलं आणि दुसऱ्या बाजूला परक्या बाईचं, तर तोंड आईच्या कापडाकडे जास्त वेळ वळतं.

आवाज आहे. वास आहे. तिच्या हातांची ऊब आहे.

चेहरा अजून यायचा आहे.

डोळे उघडा, पण पूर्ण नको. पापण्या इतक्याच उघडा की समोरच्या गोष्टींच्या कडा विरघळलेल्या राहतील.

असंच बघत राहा.

तान्ह्या बाळाची नजर मोठ्या माणसाच्या नजरेहून दहा ते तीस पट धूसर असते. हिवाळ्यात पहाटेच्या धुक्यात अंगणात कुणी उभं असावं, तसं काहीसं. डोक्याच्या आकारावरून कळतं की कुणीतरी आहे. नाकडोळे दिसत नाहीत.

मग बाळ काय बघतं?

गडद आणि उजळ जिथे एकमेकांना भिडतात, ती रेघ बघतं. कपाळ संपून केस सुरू होतात, ती सीमा. हनुवटीची कड. डोळ्यांच्या दोन काळसर जागा. कपाळावरची टिकली.

समोर कुणी बसलेलं असेल तर त्याच्याकडे असंच बघा. आरसा असेल तर स्वतःकडे. अर्ध्या मिटल्या पापण्यांतून.

केसांची कड. दोन सावल्या. खाली एक सावली.

एवढंच.

आणि तरीही ओढ आहे. ती आधीपासूनच आहे.

1975 मध्ये कॅरोलिन गोरेन आणि त्यांचे सहकारी नुकत्याच जन्मलेल्या बाळांपुढे एक फळी धरतात. फळीवर चेहऱ्याचं साधं चित्र आहे. फळी हळूहळू बाजूला सरकते. बाळांचे डोळे तिच्यामागून जातात, मानही वळते. मग दुसरी फळी. तेच डोळे, तेच नाक, तेच तोंड, पण जागा उलटसुलट केलेल्या. आता बाळं तेवढी वळत नाहीत.

त्या बाळांना जन्मून सरासरी नऊ मिनिटं झाली आहेत.

नऊ मिनिटं.

या आकड्यापाशी जरा बसा. घाई करू नका.

नऊ मिनिटांचं माणूस चेहरा शोधतं आहे.

पुढे 1991 मध्ये जॉन मॉर्टन आणि मार्क जॉन्सन यांनी याचा एक उलगडा मांडला. बाळ जन्माला येतं तेव्हा त्याच्याजवळ फक्त एक कल असतो. वर दोन गडद ठिपके, खाली एक, असं काही दिसलं की तिकडे बघायचं. कुणाचा चेहरा, आपला की परका, हे त्या कलात नसतं. ते रोजच्या बघण्यातून, मेंदूच्या दुसऱ्या भागांत, हळूहळू भरत जातं.

मला हा उलगडा फार जवळचा वाटतो. निसर्ग बाळाला नुसतं बघायला लावतो. कुणाला ओळखायचं, हे ज्याच्या मांडीवर ते असेल त्याच्यावर सोडून देतो. किती विश्वासाने सोडतो.

दोन ठिपके वर. एक खाली.

तुमच्या समोरच्या भिंतीवर, स्विचबोर्डवर, दाराच्या कडीकोयंड्यात असा चेहरा सापडतो का बघा. सापडला की क्षणभर त्याच्याकडे बघावंसं वाटतं. ती पहिली ओढ आपल्यातून गेलेली नाही.

श्वास घ्या. सोडा.

आता पुन्हा त्या खोलीत या.

बाळ दोन-तीन दिवसांचं आहे. आई त्याच्यावर झुकली आहे.

ते तिला ओळखतं का?

ग्लासगोतले इयन बुशनेल 1989 मध्ये हाच प्रश्न विचारतात. बाळापुढे दोन बायका बसतात. एक आई. दुसरी अनोळखी, पण केसांची ठेवण आणि रंग आईसारखाच. कुणी बोलत नाही. वासाचा माग लागू नये म्हणूनही काळजी घेतलेली आहे. दोघी नुसत्या बसून आहेत.

बाळ आईकडे जास्त वेळ बघतं.

ओळखतं.

पण कशावरून? 1995 मध्ये ऑलिव्हिए पास्कालिस आणि सहकारी याच प्रयोगात दोघींच्या डोक्यांवर रुमाल बांधतात. केस झाकले जातात, कपाळाची कड झाकली जाते. चार दिवसांच्या बाळांना आता दोघी सारख्याच. नजर कुणा एकीकडे झुकत नाही.

डोळे तेच, नाक तेच, ओठ तेच. आणि ओळख हरवली.

हे घरातही दिसतं. आई न्हाऊन येते. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला असतो. ती बाळावर वाकते आणि बाळ गप्प होतं. टक लावून बघतं. कुणी आलं आहे, पण कोण?

मग ती बोलते.

"काय रे सोन्या, काय झालं?"

आणि बाळाचं अंग सैल पडतं.

इथे थांबा. याच जागी बराच वेळ थांबायचं आहे.

आवाज आधीचा आहे. महिनोन् महिने ऐकलेला. चेहरा नवा आहे, आणि त्याच्या कडा रोज थोड्या बदलतात. कधी केस मोकळे, कधी अंबाडा, कधी डोक्यावरून पदर.

जुना आवाज या नव्या चेहऱ्यातून येतो.

2005 मध्ये साई नावाच्या संशोधकांनी एक साधी गोष्ट तपासून पाहिली. काही आया जन्मानंतर बाळाशी नेहमीसारखं बोलत होत्या. काहींनी बाळाला जवळ घेतलं, चेहरा दिसू दिला, पण चाचणी होईपर्यंत आवाज ऐकू येऊ दिला नाही. मग दोन्हीकडच्या बाळांपुढे आई आणि परकी बाई बसवली. जी बाळं आवाज ऐकत होती, त्यांनी आईचा चेहरा ओळखला. ज्यांनी आवाज ऐकला नव्हता, त्यांची नजर आईकडे झुकली नाही.

आवाज बाळाचं बोट धरून त्याला चेहऱ्यापर्यंत आणतो.

आत श्वास घेताना मनात म्हणा: आवाज.

बाहेर सोडताना म्हणा: चेहरा.

आवाज.

चेहरा.

आपल्या घरांमधून तान्ह्याशी जे अखंड बोलणं चालतं, ते आठवा. न्हाऊ घालताना, पाय चोळताना, दुपट्यात गुंडाळताना. "झालं हं, झालं. आता पाणी. आता टोपडं." बाळाला यातलं काही कळत नाही असं म्हणतात. पण त्या बोलण्यामुळेच त्याला कळत असतं की हा चेहरा कुणाचा.

जी आई बोलू शकत नाही, तिचं बाळही तिला ओळखतं. हातांनी, वासाने, पुन्हा पुन्हा जवळ येण्याने. वाट थोडी निराळी असते. आणि जे बाळ जन्मताच काचेच्या पेटीत जातं, त्याचे आईबाप पेटीच्या गोल खिडकीतून हात घालून हळू आवाजात त्याच्याशी बोलत राहतात. त्यांनाही आत्ता मनात जागा द्या.

श्वास.

दिवस जातात.

बारसं होऊन जातं. पाहुणे परततात. खोली पुन्हा शांत होते.

महिन्याचं बाळ अजून चेहऱ्याच्या काठाकाठाने फिरतं. केसांची रेघ, कानाची कड, हनुवटी. आई म्हणते, हा माझ्याकडे बघतच नाही, माझ्या केसांकडे बघतो.

ते खरंच आहे. ते काठावर आहे.

दुसऱ्या महिन्यात ते आत येतं.

कधी येतं, ते नक्की सांगता येत नाही. एका सकाळी आई त्याच्यावर झुकते आणि त्याचे डोळे तिच्या डोळ्यांवर येऊन थांबतात. निसटत नाहीत. आजी मागून बघत असते. ती म्हणते, "नजर धरायला लागलं गं!"

नजर धरली.

हे बघा. दोन डोळे, दोन डोळ्यांवर.

डोळ्यांची ओढ तशी पहिल्या दिवसांपासूनचीच. 2002 मध्ये तेरेसा फॅरोनी यांना दिसलं की दोन ते पाच दिवसांची बाळंसुद्धा सरळ आपल्याकडे बघणारा चेहरा जास्त वेळ बघतात. नजर बाजूला असलेला कमी. पण आता त्या ओढीला तपशील मिळतो. पापण्या दिसतात. डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो. बाहुल्या हलतात, हे दिसतं.

कुणीतरी तुमच्याकडे असं बघितल्याचं आठवतं का? काही मागण्यासाठी नव्हे, काही विचारण्यासाठी नव्हे. नुसतं.

आठवलं तर त्या नजरेत थोडं बसा.

नाही आठवलं तरी बसा.

याच सुमारास हसू येतं. सहा ते आठ आठवड्यांत.

त्याआधीही बाळ हसत असतं, झोपेत. ओठांचा कोपरा हलतो, गालावर खळी उमटते आणि जाते. सटवाई हसवते, असं आपल्याकडे म्हणतात. ते हसू कुणासाठी नसतं. शरीर आपल्याशीच काही करत असतं.

हे हसू वेगळं. हे जागेपणी येतं. चेहरा बघून येतं. आधी डोळे रुंदावतात, मग गाल वर जातात, मग तोंड उघडतं, दात नसलेल्या गुलाबी हिरड्या दिसतात, आणि हातपाय एकदम उडायला लागतात. सगळं अंग हसतं.

आई हसते. ते पुन्हा हसतं.

आता कोण कुणाला हसवतं आहे?

थांबा.

आणि मग बाळ मान फिरवतं.

छान चाललेलं असताना ते भिंतीकडे बघायला लागतं. आईला वाटतं, कंटाळलं. वाटतं, मी काही चुकले.

बाळाला पुरे झालेलं असतं. चेहरा ही त्याच्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. डोळे, आवाज, ओठांची हालचाल, सगळं एकदम. ते तोंड वळवतं आणि विश्रांती घेतं.

त्याला घेऊ द्या. चेहरा तिथेच राहू द्या. थोड्या वेळाने ते परत येतं.

येतं.

1970 च्या दशकात एड ट्रॉनिक यांनी आयांना एक अवघड गोष्ट करायला सांगितली. बाळाशी खेळता खेळता काही मिनिटं चेहरा कोरा ठेवायचा. बाळाकडे बघायचं, पण हसायचं नाही, बोलायचं नाही. बाळ आधी हसून बघतं. आवाज काढतं. हात पुढे करतं. पुन्हा प्रयत्न करतं. मग हळूहळू नजर काढून घेतं आणि मिटून जातं. काही रडतात.

मग आईचा चेहरा परत येतो. बाळही परत येतं, जरा कुरकुरत.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे रात्री तीन वाजता बाळाला पाजणारी आई येते. एका हातात बाळ, दुसऱ्यात फोन, चेहऱ्यावर त्याचा निळसर उजेड. तिला कुणी दोष देऊ नये. ती जागी राहण्याची धडपड करते आहे. ट्रॉनिक यांनी हेही दाखवलं की आई आणि बाळ एकमेकांशी जुळलेले असतात तो वेळ थोडाच असतो. बाकी वेळ चुकामूक चालते आणि मग पुन्हा जुळणं. परत येणं हाच त्या नात्याचा मोठा भाग आहे.

फोन खाली ठेवला जातो. चेहरा परत येतो.

श्वास आत. श्वास बाहेर.

आता काळ जरा पुढे सरकू द्या.

बाळ पालथं पडतं. बसायला लागतं. भाताची पेज खातं.

घरात चेहरे वाढले आहेत. आजीचा चष्मा. मामाची दाढी. शेजारच्या काकूंचं मोठं कुंकू. पाळणाघरातल्या मावशी. ज्या माणसाचा सहवास जास्त, त्याचा चेहरा जास्त पक्का. पॉल क्विन यांनी 2002 मध्ये तीन-चार महिन्यांच्या बाळांना बायकांचे आणि पुरुषांचे चेहरे दाखवले. आईच्या हाती वाढणारी बाळं बायकांचे चेहरे जास्त बघतात. ज्या मोजक्या बाळांना मुख्यतः वडील सांभाळत होते, ती पुरुषांचे.

म्हणजे जो जवळ राहतो, तो उमटतो.

आणि उमटण्याबरोबर काहीतरी पुसलंही जातं. सहा महिन्यांच्या बाळाला दोन माकडांच्या चेहऱ्यांतला फरक कळतो. आपल्याला दोन्ही सारखीच दिसतात, त्याला दिसत नाहीत. नऊ महिन्यांचं झालं की त्यालाही तो फरक कळेनासा होतो. पास्कालिस, मिशेल द हान आणि चार्ल्स नेल्सन यांनी हे 2002 मध्ये दाखवलं. याच महिन्यांत, ज्या वंशाचे चेहरे रोज दिसतात ते बारकाईने कळायला लागतात आणि जे कधीच दिसत नाहीत ते एकसारखे वाटायला लागतात.

आधी सगळं जग त्याचं असतं. मग त्यातली काही माणसं त्याची होतात.

यात हानी आहे का? मला थोडी वाटते. पण ज्या नजरेला सगळे सारखेच, ती नजर आपलं माणूस कसं ओळखणार, असंही वाटतं. दोन्ही राहू द्या. सोडवायचं नाही.

फक्त बघा.

दारावर बेल वाजते.

आजोबा गावाहून आले आहेत. चार महिन्यांपूर्वी बाळाला मांडीवर घेऊन गेले होते. तेव्हा ते कुणाकडेही जायचं. आता आठ महिन्यांचं आहे.

आजोबा पिशवी खाली ठेवतात. हात पसरतात. "ये!"

बाळ बघतं.

त्याच्या चेहऱ्यावर काय चाललं आहे, ते हळूहळू बघा. आधी भुवया. मग खालचा ओठ पुढे येतो. ते आजोबांकडे बघतं, मग आईकडे, मग पुन्हा आजोबांकडे. आणि मोठ्याने रडायला लागतं. तोंड आईच्या खांद्यात खुपसतं.

आजोबांचे हात तसेच राहतात.

या हातांपाशी थोडं थांबा.

घरातले म्हणतात, "अरे, आजोबा ते! असं काय करतोस?" कुणी ओशाळून हसतं. आजोबा म्हणतात, "असू दे, असू दे," आणि आवाज जरा उतरतो.

रेने स्पिट्झ या डॉक्टरांनी या भीतीला आठव्या महिन्याचं नाव दिलं. साधारण तेव्हाच ती दिसते. आणि दिसते याचा अर्थ बाळाच्या मनात काही चेहरे आता पक्के बसले आहेत. समोरचा चेहरा त्यांतला आहे का, हे ते ताडून बघतं. पहिल्या दिवशी जे केसांच्या एका रेघेवर अवलंबून होतं, ते आता नाकडोळ्यांच्या बारीक अंतरांवर उभं आहे. रडणं त्या ओळखीतूनच येतं.

आजोबा शहाणे आहेत. ते खुर्चीवर बसतात. बाळाकडे बघत नाहीत. चहा घेतात. सुनेशी पावसाचं बोलतात, पेरण्यांचं बोलतात. त्यांचा आवाज खोलीत पसरत राहतो.

बाळ खांद्यावरून डोकं वर करतं.

बघतं.

पुन्हा लपतं. पुन्हा बघतं.

आजोबा पिशवीतून खुळखुळा काढून नुसता शेजारी ठेवतात. देत नाहीत.

ज्यांचे आजीआजोबा नागपूरला आणि बाळ न्यू जर्सीत, त्यांच्याकडे हेच स्क्रीनवर होतं. आजी रोज एकाच वेळी तेच दोन शब्द त्याच चालीत म्हणते. प्रत्यक्ष भेटल्यावर बाळ आधी रडतं, मग ती चाल ऐकू आली की थबकतं. पुन्हा आवाजच पुढे होतो आणि चेहऱ्याला वाट करून देतो.

इकडे आजोबांच्या गुडघ्यावर एक छोटा हात टेकलेला आहे.

काही बोलू नका.

आता परत आपल्या श्वासाकडे या.

आत.

बाहेर.

एक शेवटची गोष्ट उरते. ती जड आहे, म्हणून हळू घेऊ.

हे सगळं व्हायला उजेड लागतो. डोळ्यांतून आत जाणारा उजेड, पहिल्या महिन्यांतला.

काही बाळं दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन जन्मतात. आई तिथेच असते, वीतभर अंतरावर, आणि चेहरा आत पोचत नाही. कॅनडात डॅफ्नी मॉरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी मुलं तपासली, ज्यांचे मोतीबिंदू दोन ते सहा महिन्यांच्या वयात काढले गेले होते. नऊ आणि त्याहून अधिक वर्षं ती नीट बघत होती. तरीही दोन चेहऱ्यांत डोळ्यांमधलं किंवा नाकाखालचं अंतर थोडं वेगळं असेल, तर ते त्यांना इतरांसारखं कळत नव्हतं. हे निष्कर्ष 2001 मध्ये प्रसिद्ध झाले. सुरुवातीचे थोडेसे महिने, आणि त्यांची खूण इतकी वर्षं.

आपल्या देशात पवन सिन्हा यांचा 'प्रोजेक्ट प्रकाश' अशा मुलांपर्यंत जातो जी आठ-दहा वर्षं, कधी त्याहून जास्त काळ, अंधारात वाढलेली असतात. दिल्लीत त्यांच्या शस्त्रक्रिया होतात. पट्टी निघते तेव्हा समोर चेहरा आहे की दुसरंच काही, हेही त्यांना सांगता येत नाही. मग काही महिने जातात, आणि चेहरा वेगळा दिसू लागतो. इतक्या उशिरानेही मेंदू शिकतो. हे वाचल्यावर मला फार बरं वाटतं, आणि तितकंच वाईटही, कारण यातल्या कितीतरी मुलांच्या डोळ्यांत पहिल्या महिन्यात कुणी नीट बघितलं असतं तर पुरलं असतं.

एक खोल श्वास घ्या.

आता डोळे पूर्ण उघडा, कारण हे लक्षात ठेवायचं आहे.

तुमच्या घरात, शेजारी, नात्यात तान्हं बाळ असेल तर उजेडात त्याच्या डोळ्यांत बघा. बाहुली मधोमध काळी दिसायला हवी. ती पांढुरकी दिसत असेल, फोटोत एखाद्या डोळ्यात पांढरी चमक येत असेल, किंवा तीन महिने होऊनही बाळ चेहऱ्यावर नजर धरत नसेल, तर मोठं झालं की सुधारेल म्हणून थांबू नका. त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. बाळ वेळेच्या बरंच आधी किंवा फार कमी वजनाचं जन्मलं असेल तर त्याच्या दृष्टिपटलाची तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून जन्मजात मोतीबिंदूची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत होतात. कुठे जायचं हे कळत नसेल तर गावातल्या आशाताईंना विचारा.